सकाळी सात ते दहा

३ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरते. शिवाय तुमच्या वर्कशॉपमधला फोन दादाच्या कोपराशी असतो, आणि हे फक्त तुझ्यासाठी आहे.

आमच्या रुग्णालयात कृत्रिम डोळ्यांचा वेगळा विभाग निघतोय. (निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी मी ‘आमच्या’च म्हणते. तीस वर्षं तिथल्या नोंदणीच्या खोलीत कागद लावलेत, तेवढा हक्क आहे.) त्यांना एकच माणूस हवाय. डोळा घडवणारा, रंगवणारा, पेशंटला बसवून देणारा, सगळं एकहाती. खोली मी बघून आले. उत्तरेकडे मोठी खिडकी आहे, म्हणजे रंगवायला दिवसभर सारखा उजेड, आणि भट्टी नवी कोरी आहे. फॉर्म सोबत ठेवलाय. शेवटची तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी. मार्चमध्ये परीक्षा घेणार. समोर एक माणूस बसवतील आणि तीन तासांत त्याचं बुबुळ रंगवून मागतील. तुझ्या तर हातचा मळ आहे तो.

तू यंदा छत्तीसची होशील. पाटीवर दादाचं नाव, डोळ्याबरोबर देता त्या कार्डावर दादाची सही. त्यात तू कुठे आहेस? बापलेकीत भांडण लावायला हे लिहीत नाहीये, पण कुणीतरी विचारायला हवं, आणि तुझी आई असती तर तिनेच विचारलं असतं.

माझी मागची खोली रिकामी आहे. पण खोलीसाठी येऊ नकोस. मी काही तुझी वाट बघत बसलेली नाही. माझे गुडघे, वाचनालय आणि शेजारणीची मांजर, एवढ्यात माझा दिवस मजेत जातो.

तुझी,
आत्या


१९ जानेवारी

आत्या,

नमस्कार आणि एक तक्रार. असा फॉर्म न विचारता पाठवतं का कुणी? दहा-बारा दिवस माझं जेवणात लक्ष नाही. काल भाजीत दोनदा मीठ घातलं आणि बाबांनी ती निमूटपणे खाल्ली.

मला यायचंय. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला गैरसमज नको. उत्तरेची खिडकी वाचली तेव्हा अंगावर काटा आला. पण मला येता येणार नाही. का ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही.

सगळ्यांना वाटतं, बाबा डोळे करतात आणि मी त्यांच्या हाताखाली असते. खरं असं आहे की चार वर्षांपासून बाबांचा उजवा हात थरथरतो. तुला दिसला नसेल, कारण कप ते दोन्ही हातांनी धरायला शिकलेत. पण बुबुळाची चकती असते शर्टाच्या बटणाएवढी. तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा मारायच्या, मधून कडेकडे, एकावर एक, पंधरा-वीस थर. बाबांच्या रेघा आता एकमेकींत मिसळतात आणि डोळा गढूळ होतो.

दुपारी ते पेशंटला खिडकीशी बसवून चकती रंगवतात. मी शेजारी वही घेऊन बसते. लोकांना वाटतं मी मापं लिहितेय. मी त्या माणसाचा दुसरा, खरा डोळा पाठ करत असते. संध्याकाळी चकती काचेखाली वाळत ठेवून आम्ही घरी जातो. दुसऱ्या दिवशी सातला मी एकटी वर्कशॉप उघडते, बाबांनी रंगवलेलं पात्याने खरवडून काढते आणि पुन्हा रंगवते. बाबांना वाटतं मी साफसफाईला लवकर जाते. दहाला ते येतात, काच उचलतात, मान हलवतात आणि म्हणतात, “वाळल्यावर रंग उघडतो बघ.” मग आम्ही त्यावर पारदर्शक थर चढवून ती भट्टीत घालतो. एकदा भट्टीत गेलेलं बदलता येत नाही.

आता सांग, मी कशी येऊ? मी गेले तर दुसऱ्याच दिवशी काच उचलल्यावर त्यांना सगळं कळेल. सांगून जावं तर चाळीस वर्षांच्या कामावर मीच बोळा फिरवल्यासारखं होईल. आणि राहावं तर माझं सगळं आयुष्य सात ते दहाच्या मध्ये, तेही चोरासारखं. त्या खोलीला एकच दार आहे आणि कधीकधी वाटतं ते बाहेरून लावलेलं आहे.

बाबांना यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. तुला माझी शपथ आहे.

तुझी भिंगरी
(जी अकरा वर्षं एकाच स्टुलावर बसली आहे. नाव बदलायचं बघ आता.)


२७ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. कुणाला सांगणार नाही.

बाकी मी काय लिहिणार? तू मोठी आहेस, तुझं तू ठरव. मी मध्ये पडणार नाही.

इकडे थंडी आहे. शेजारणीची मांजर पुन्हा व्याली, चार पिल्लं आहेत, त्यातलं एक माझ्याच पायरीवर झोपतं. अठ्ठावीस तारीख विसरू नकोस, पण त्यासाठी जिवाची ओढाताणही करून घेऊ नकोस.

आत्या

ता. क. मागच्या खोलीला रंग काढणार होते, तो बेत रद्द केलाय. उगाच कशाला.


१५ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र इतकं गार होतं की हातात धरवेना. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापाशी मन मोकळं केलं आणि तू मला मांजरीची पिल्लं मोजून दाखवलीस. रागावलीस का? मी खोटं वागते म्हणून?

फॉर्म भरलाय. तीनदा टाकायला गेले. आणि दर वेळी तेच होतं. वर्कशॉपच्या पायऱ्या मी जवळजवळ पळत उतरते. चपलांच्या दुकानापर्यंत पाय भराभर पडतात, मनात तुझी खोलीसुद्धा लावून होते, पलंग कुठे आणि टेबल कुठे. मग कोपऱ्यावर लाल पेटी दिसते आणि पाय जड होतात. दहा पावलांवर आले की फॉर्म पुन्हा पिशवीत जातो. वाटतं, समजा निवड झाली तर? मी माघारी वळते, आणि लगेच हलकं वाटतं. वर्कशॉपमध्ये येऊन बसले की पाच मिनिटांत स्वतःचा इतका राग येतो की पुन्हा पायऱ्या उतराव्याशा वाटतात. पेटीपासून लांब असले की मला जायचं असतं आणि जवळ गेले की राहायचं असतं. चपलांच्या दुकानातला माणूस आता मला बघून हसतो.

पण हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही. सोमवारी एक भयंकर गोष्ट झाली.

आमच्याकडे गणिताच्या एक बाई आल्या होत्या, त्यांच्या उजव्या डोळ्यासाठी. रविवारी बाबांनी त्यांची चकती रंगवून ठेवली होती. सोमवारी पहाटे मला सणसणून ताप भरला, उठवेना. बाबांना म्हटलं, बाईंचा डोळा आज राहू द्या, मी दुपारी येऊन बघते. बाराला धापा टाकत पोचले तर भट्टी गरम होती आणि डोळा पॉलिश होऊन डबीत बसला होता. बाबांनी एकट्याने सगळं उरकलं होतं.

तीनला बाई आल्या. डोळा बसवला, आरसा घेतला, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, डोळा चांगला आहे. पण हा माझ्या धाकट्या बहिणीचा वाटतो. ती सारखी रडत असते.”

बाबांनी डोळा काढून घेतला, पुसला, डबीत ठेवला आणि अगदी सहज म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. आज मुलीला ताप होता ना, म्हणून तसाच राहिला. गुरुवारी या.”

बाई गेल्या. बाबा ब्रश धुवायला लागले. मंगळवारी दुपारी त्यांनी नवी चकती घेतली आणि पुन्हा रंगवायला बसले. बुधवारी सातला मी ती खरवडली. दहाला ते आले, काच उचलली, मान हलवली. “वाळल्यावर रंग उघडतो बघ.” मी “हो बाबा” म्हटलं.

त्यांना माहीत आहे, आत्या. कधीपासून? आणि तुला? ‘मी मध्ये पडणार नाही’ हे तू उगाच लिहिणारी नाहीस. माझ्या प्रत्येक भांडणात तू मध्ये पडलेली आहेस. खरं सांग.

भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

हो. मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी दादा चार दिवस माझ्याकडे राहून गेला. एका दुपारी मी शेंगा सोलत होते आणि हा समोर बसून एकदम म्हणाला, “पोरगी रोज सकाळी माझं काम खरवडते.” पहिल्या महिन्यातच त्याला कळलं होतं. त्याने कोरडे करून ठेवलेले ब्रश सकाळी ओले असायचे. मी म्हटलं, मग बंद कर ना, का जिवाला त्रास करून घेतोस? तर म्हणाला, “मला कधीचं बंद करायचंय. बोटं ठणकतात. पण मी घरी बसलो तर ती काय करील? स्वतःच्या नावावर काम करायला घाबरते ती. मी बसलेलो असलो की चुकलं तर माझं चुकतं. तेवढा आडोसा असू दे तिला.”

म्हणजे बघ. तू त्याच्यासाठी जातेस, तो तुझ्यासाठी येतो, आणि त्या बिचाऱ्या चकत्या दोन-दोनदा रंगवून घेतात. हसावं की डोकं आपटावं मला कळेना.

मग मी तुला का सांगितलं नाही? दादाने शपथ घातली होती. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण लिहायला मला दोन दिवस लागले. मला तू इथे हवी आहेस. मागची खोली मी रोज झाडते. तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा सगळं लिहायला कागद पुढे ओढला होता, आणि मनात आलं, हे मी पोरीच्या भल्यासाठी लिहितेय की स्वतःच्या? एका कागदाने दादाच्या घरातून पोरगी उचलून आणायची? मला उत्तर सापडेना. म्हणून मांजरीबद्दल लिहिलं.

अजून आठ दिवस आहेत. दादाशी बोल. जा किंवा राहा, हे मी आताही सांगणार नाही.

आत्या


११ मार्च

आत्या,

बोलले. स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता, त्यांच्याकडे पाठ करून. बाबा खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “सुटलो बुवा.” त्या सोमवारी बाईंचा डोळा भट्टीत का घातलात, असं विचारलं तर लाजले. “वाटलं, एकदा बघावं, अजून जमतंय का.” दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत, आणि नवे पेशंट मी परीक्षेनंतरवर ढकलले. फॉर्मसुद्धा त्यांनीच नेऊन टाकला. मला पेटीच्या जवळ फिरकू दिलं नाही.

आता पुढचं ऐक. शनिवारी मी तुझ्या गावी येऊन गेले.

परीक्षेचं बोलावणं आलं होतं. तुला कळवलं नाही. तू आशा धरून बसली असतीस, आणि मला एका वेळी एकच भीती झेपते. समोर रुग्णालयाचा माळी बसवला होता. साधा माणूस, डोळा सुंदर. तपकिरी, बाहुलीभोवती मधासारखं कडं, खाली डावीकडे एक काळा ठिपका. पाच मिनिटांत मला पाठ झाला. आत्ताही डोळे मिटले की दिसतो. टेबलावर कोरी चकती होती. मी ब्रश रंगात बुडवला, चकतीवर नेला, आणि हात थांबला.

मला सुरुवातच करता येईना. चार वर्षांत मी कोऱ्या चकतीवर एकही डोळा काढलेला नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं. समोर नेहमी बाबांचं चुकलेलं असायचं. इथे जास्त झालंय, तिथे कमी पडलंय, असं बघत मी पुढे जायचे. खरवडून टाकलं तरी ते डोक्यात असायचं. कोऱ्यावर मी काय सुधारणार? सोबतच्या कागदावर वर माझं नाव होतं, खाली बाबांची सही नव्हती. दोन तास मी तशीच बसले. माळी बिचारा पापणीसुद्धा बेताने हलवत होता. शेवटी चकती होती तशी परत ठेवली आणि उठले.

इतके दिवस वाटत होतं मला कुणीतरी कोंडून ठेवलंय. बाबांनी दार सताड उघडलं, तू खोली झाडून ठेवलीस, आणि मी उंबऱ्यावर बसून राहिले. आता कुणाचं नाव पुढे करू?

तुझं घर दोन थांब्यांवर होतं. पण कुठल्या तोंडाने येऊ? एकची बस पकडली. बाबा दारात उभे होते. मी म्हटलं, परीक्षा बरी झाली. चार वर्षांचं एक खोटं संपलं तर लगेच दुसरं सुरू केलं. ते रोज विचारतात, निकाल आला का.

भिंगरी


१६ मार्च

प्रिय भिंगरी,

तू येऊन गेलीस हे मला माहीत आहे. मी रुग्णालयाच्या फाटकासमोर होते.

उमेदवारांची यादी मी आधीच बघितली होती. तीस वर्षांची ओळख कधी उपयोगी पडणार? यादीत तुझं नाव आणि मला तुझी दोन ओळींची चिठ्ठीही नाही. तेव्हा समजले की हिला आपण नको आहोत, आणि घरीच बसायचं ठरवलं. पण दहाला मी समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होते. दुकानदाराने तीनदा विचारलं काय देऊ. शेवटी खोकल्याचं औषध घेतलं. मला खोकला नाही.

सव्वाबाराला तू बाहेर आलीस. खांद्याला निळी पिशवी, चेहरा पांढराफटक. पायरीवर थांबून डावीकडे बघितलंस, माझ्या घराच्या दिशेने. मी हाक मारणारच होते. आणि वाटलं, हाक मारली तर ही हरलेली पोर माझ्याबरोबर घरी येईल, मग मी तिला परत जाऊ देणार नाही, आणि वर जगाला सांगेन की तिच्याच भल्यासाठी ठेवून घेतली. म्हणून गप्प राहिले. तू उजवीकडे वळलीस. तुझी पिशवी दिसेनाशी होईपर्यंत मला वाटत होतं की मी फार मोठ्या मनाने वागले. घरी येऊन त्या औषधाचा एक चमचा घेतला आणि बसून रडले.

आपल्या घराण्यात एकमेकांसाठी गप्प बसण्याची कला भारी आहे. दादा गप्प, तू गप्प, मी गप्प, आणि तिघंही कोपऱ्यात.

तर आता बोलते. कुणाचीच निवड झालेली नाही. दोघंच आले होते. दुसऱ्याने रंगवलेला डोळा बघून म्हणे तो माळीच हसला. जूनमध्ये पुन्हा परीक्षा आहे. हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि आठ दिवस मी ते दाबून ठेवलं, पुन्हा तेच, मी तुला माझ्याकडे ओढतेय की काय म्हणून.

‘तुझं तू ठरव’ असं मी तुला दर वेळी लिहिलं. मला वाटायचं ही माझी निःपक्षपाती बुद्धी. ती भीती होती गं. मी मागितलं आणि तू नाही म्हणालीस तर? आता मागते. परीक्षेत पास हो नाहीतर नापास हो, मला तू इथे हवी आहेस. ये.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

इतकी वर्षं वाटायचं, कुणीतरी एकदा स्पष्ट ‘ये’ म्हणावं, मी पळत सुटेन. तू म्हणालीस, आणि मी दोन आठवडे तुझं पत्र पिशवीत घेऊन हिंडतेय. तुझा रागही आला. हाक मारायला हवी होतीस. मी डावीकडे उगाच बघितलं नव्हतं.

परवा बाबांना खरं सांगून टाकलं. माळी, कोरी चकती, दोन तास, सगळं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग मी येऊ का उद्यापासून? दुपारी थोडं रंगवून ठेवीन. तुला सकाळी बरं पडेल.”

मी काही बोलायच्या आत ते उठून चपला शोधायला लागले, म्हणजे जणू आत्ताच निघायचंय. आत्या, तुला खोटं सांगत नाही, मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. दुपारी त्यांचा गढूळ डोळा, सकाळी माझं पातं, दहाला मान हलवणं. सगळं जागच्या जागी आलं असतं आणि कुणी कुणाला काही विचारलं नसतं. ‘या’ एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तोंडात आलं होतं. त्यांच्या एका पायात चप्पल होती.

मी म्हटलं, “नको बाबा. नका येऊ.”

ते तसेच उभे राहिले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनाही यायचं होतं, हे मला तेव्हा दिसलं, आणि तरी मी शब्द मागे घेतला नाही.

परीक्षेपासून पेशंटना नुसत्या पुढच्या तारखा देत होते, आज सातला गेले. कोऱ्या चकतीवर पहिली रेघ मारली. वाकडी आली. खरवडलेली नाही. दहापर्यंत तिच्याकडे बघत बसले, दुसरी काही हातून झाली नाही. उद्या पुन्हा बसेन.

जूनची तारीख कळव.

भिंगरी